थेंबाची वैरीण

गुरम्माक्कांनी बंद केलेला नळ दुसऱ्या कुणाला उघडता यायचा नाही. त्यांच्या घरात राहणारी कोचिंगची पोरं सकाळी जोडीजोडीनं न्हाणीघराकडे जायची. एकानं नळावर पंचा गुंडाळून तो धरायचा, दुसऱ्यानं पिळायचा. नळ आधी कण्हायचा, मग ओकायचा. आणि लगेच अंगणातून आवाज यायचा, "साकु!"

साकु म्हणजे कानडीत पुरे. अक्कांचं माहेर देवणीच्या पलीकडचं, सीमेला चिकटलेलं. मराठी बोलता बोलता राग आला की त्यांना कानडी यायची, आणि वाहतं पाणी दिसलं की राग यायचा. बादली भरत आली की साकु. तांब्या कलंडला की साकु. दात घासताना कुणी नळ सुरू ठेवला तर साकु आणि त्याच्यामागून चप्पल.

इतकं आवळल्यावर नळातला वायसर टिकणार किती? तो चेपायचा, नळ गळायला लागायचा, म्हणून अक्का आणखी जोरानं आवळायच्या, म्हणून तो आणखी चेपायचा. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो आणि लातुरातल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. हे चक्र मला राहायला आल्या आल्याच दिसलं होतं. मी बोललो नाही. वर्गात बोलायचा पगार मिळायचा. वर्गाबाहेर मी फुकट कधी बोललो नाही. माझ्याविषयी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचं सगळं कळेल.

पुढचं म्हणजे अक्कांच्या घरचा गिझर फुटला, ते. गल्लीत ती गोष्ट अजून सांगतात, आणि दरवेळी गिझर थोडा आणखी उंच उडतो. मी शेवटची ऐकली तेव्हा तो आमच्या क्लासच्या पाटीवर आपटून खाली आला होता. त्या गोष्टीत अक्का आहेत, शेजारचे वकीलसाहेब आहेत, मुनीर वायरमन आहे. मी नाही. असायला हवा होतो. गिझरचा जो थेंब बंद केल्यामुळे तो फुटला, तो थेंब मी बंद केला होता. आता सांगून टाकलं. बाकीचं अक्कांविषयीच आहे, आणि तेच जास्त महत्त्वाचं आहे.

खोली देण्याआधी अक्कांनी मला फिरवून पाहिलं. खरंच फिरवलं. त्यांच्या वडलांना देवणी बैलांचा शौक. बाजारात जनावर कसं पारखायचं हे अक्का लहानपणी वडलांच्या मागं हिंडून शिकल्या होत्या, आणि माणसांसाठी वेगळी पद्धत कशाला, असं त्यांचं मत होतं.

"चाला जरा."

मी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. पोरं खिडकीतून बघत होती.

"खांदा उतरलाय. वझं वाहिलं न्हाई कधी. आवाज कसा हाय?"

"बरा आहे."

"मारका न्हाई," त्यांनी निकाल दिला. "अंघोळीला पाणी किती लागतं?"

"एक बादली."

"बादली कुणाची? तुमची का माझी?"

त्यांनी त्यांची बादली दाखवली. देवाला फुलं न्यायची असते, त्याहून जरा मोठी. मी म्हणालो, "तुमची." खोली मिळाली.

कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कमरेला चाव्यांचा जुडगा आणि नाकात एवढीशी मोरणी. नवऱ्याचं अडत दुकान होतं. ते गेल्यावर काही वर्षं अक्कांनीच गादीवर बसून हमाल आणि व्यापारी सांभाळले होते. एकुलती मुलगी नांदेडला दिलेली. मग दुकान उठवलं, घराच्या खोल्या पाडल्या आणि डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेली पोरं ठेवली. ती पोरं पुस्तकाला डोळे लावून बसायची आणि अक्का नळाला कान लावून.

कान तर असा होता! आम्ही अंगणात चहा पीत असायचो. मध्येच त्या हात वर करायच्या. सगळे गप्प. "माडीवर. डाव्या अंगाचा," म्हणायच्या. मी वर जाऊन बघायचो, तर डाव्या अंगाच्या नळाच्या तोंडाशी एक थेंब पडू का नको, असा विचार करत लोंबत असायचा.

आमच्या गावात नळाला पाणी येतं ते मानाच्या पाहुण्यासारखं. केव्हा येईल ते सांगत नाही आणि आलं की सगळं घर हातातलं काम टाकून धावतं. तशात पोरांनी भरलेलं घर. तेव्हा अक्का उगीच कटकट करायच्या असं मी म्हणणार नाही. पण शौक तो शौकच. दुसऱ्याच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या तरी त्या आधी मोरीत डोकावून यायच्या.

अहमदपूरला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. आम्हा सगळ्यांना आमंत्रण, मीही गेलो. मंगल कार्यालयात मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता हातात, आणि अक्कांनी मान वाकडी केली. बँड, भटजी, लाऊडस्पीकर, रडणारी लेकरं, एवढ्या सगळ्यातून त्यांना हात धुवायच्या जागेचा नळ ऐकू आला होता. माझ्या मुठीत आपल्या अक्षता कोंबून त्या निघाल्या. मी मागोमाग.

"अक्का, लग्न लागायलंय."

"ते लागतंय आपोआप. हे थांबत न्हाई आपोआप."

त्यांनी पदर खोचला, नळाला हात घातला आणि आवळला. थेंब थांबेना. आणखी आवळला. मग कट्‌ असा आवाज झाला आणि नळाचं मुंडकं अक्कांच्या हातात आलं. पाण्याचा फवारा सरळ मांडवात. वरपक्षाचे फेटे, जेवणाच्या पंगतीसाठी मांडलेली पहिली रांग, व्याहीबुवांचा नवा कोट, सगळं भिजलं. अक्का मुंडकं हातात धरून उभ्या. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी वरच्या आवाजात जाहीर केलं, "शुभ झालं! लग्नात गंगा आली!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. परत येताना एस.टी.त त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हलका माल वापरत्यात मेले." आवळण्यात आपली काही चूक झाली, हा विचार त्यांच्या भस्माच्या पट्ट्यांना ओलांडून आत जाऊ शकत नव्हता.

सगळ्या जगात अक्कांना फक्त एक थेंब मान्य होता. महादेवाच्या देवळात पिंडीवर तांब्याचं पात्र टांगलेलं असतं, त्याच्या बुडातून संतत धार धरलेली असते, तो. सोमवारी त्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसायच्या आणि तो थेंब पडताना बघत राहायच्या. तेवढा वेळ त्यांचा चेहरा वेगळाच, निवांत दिसायचा. तरी तिथंही पिंडीवरचं पाणी गटारात जातं म्हणून पुजाऱ्याशी भांडून त्यांनी गोमुखापासून बेलाच्या झाडापर्यंत चारी खणून घेतली होती. "त्यो देव हाय," त्या म्हणायच्या, "त्याचं डोकं तापलेलं असतं, त्याला लागतं. आपलं कुणाचं एवढं तापलंय?"

हे वाक्य मला नंतर फार वेळा आठवलं. तापलेल्याला थेंब लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. कुणी नीट जोडून द्यायला हवं होतं, एवढंच.

गिझर आला तो नाइलाजानं. त्याआधी अंगणात बंब होता, अक्कांच्या लग्नातला, तांब्याचा. पहाटे त्यात लाकडं कोंबायची, धूर घरभर, आणि मग प्रत्येकाला ती फुलांची बादली. पण पोरांना सोडायला येणारे आईबाप खोली बघितली की विचारायला लागले, "गिझर हाय का?" नाही म्हटलं की "बघतो" म्हणून जायचे ते शेजारच्या घरात शिरायचे. अक्कांनी एक दिवस बंबाला हळदकुंकू वाहिलं, त्याला पोत्यात बांधून जिन्याखाली ठेवलं आणि बाजारातून मोठा पांढरा गिझर आणला.

मुनीर वायरमननं तो पत्र्याच्या न्हाणीघरात भिंतीवर चढवला. सुरू केला. थोड्या वेळानं गिझरच्या बुडाशी असलेल्या छोट्या पितळी तोटीतून एक थेंब पडला. मग दुसरा.

अक्का न्हाणीघराच्या दारातच होत्या. "हे काय? नवी वस्तू अन् पहिल्याच दिवशी गळायली?"

"गळती नाही ओ अक्का. पाणी तापलं की फुगतंय, फुगलेलं पाणी इथनं बाहेर येतंय. टपकने दो. ह्याला हात लावू नका."

"किती दिवस गळंल?"

"जोवर तापेल तोवर."

"कायमचं?" अक्कांनी छातीला हात लावला.

त्यांची अडचण मला कळत होती. चाळीस वर्षं त्यांनी बंब वापरला होता. बंब गळला की त्याचा अर्थ एकच, डाग निघाला, तांबटाकडे न्या. बंबाला वरून तोंड उघडं असतं, त्याला कसली भीती? पण गिझर चहूबाजूंनी बंद. आत पाणी तापून फुगलं आणि त्याला वाट नसली तर ते भिंत शोधतं. हे मला शब्दाशब्दानं माहीत होतं. त्याचा मला पगार होता.

अक्कांनी मुनीरला ते बुजवायला सांगितलं. मुनीरनं कानाला हात लावले आणि सामान उचललं. त्यांनी गल्लीतल्या आणखी एका नळवाल्याला बोलावलं, तोही पळाला. चार दिवस अक्का त्या तोटीखाली वाटी ठेवून बसल्या, वाटी भरली की झाडाला, पुन्हा वाटी. पाचव्या दिवशी जेवण गेलं, झोप गेली. आणि मग माडीच्या जिन्याखाली येऊन त्यांनी हाक मारली, "ओ सर! खाली या. तुम्ही फिजिक्सवाले ना?"

मी खाली गेलो. पोरं गोळा झाली होती, त्यातली निम्मी माझ्या वर्गातली.

"ते अडाणी भ्यायले," अक्का म्हणाल्या. "तुम्ही शिकलेले. हे बंद करा."

"अक्का, ते सेफ्टीचं..." मी म्हणालो.

"गळणं म्हंजे सेफ्टी होय? मग माझं घर लई सेफ हाय म्हणा की! सगळीकडूनच गळतंय."

पोरं हसली. मीही हसलो. इथं थांबून मला सांगायला हवं होतं. मोठं काही नको होतं, आवाज चढवायचीही गरज नव्हती. पण तेवढ्यात अक्का पोरांकडे वळून म्हणाल्या, "बगा रे, आता सर कसं करतेत ते. आमचे सर म्हंजे इंजिनेर." इतकी वर्षं त्या घरात राहून मला मिळालेली ती पहिली शाबासकी. ती मला मोडवेना. मी हार्डवेअरच्या दुकानातून पाइपाचं तोंड बुजवायची पितळी डमी आणली, तिच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली आणि त्या तोटीच्या तोंडात पिळून बसवली. काम सुबक झालं. थेंब थांबला. अक्कांनी मला स्वतःच्या हातानं चहा दिला, वर बिस्कीट.

आणि त्याच सकाळी वर्गात जाऊन मी दाब शिकवला. कुकरची शिट्टी कशासाठी असते, हे फळ्यावर चित्र काढून. न्हाणीघरात उभी असलेली पोरं पहिल्या बाकावर बसून ते उतरवून घेत होती. एकालाही शंका आली नाही. माझं शिकवणं तेवढं चांगलं होतं.

पुढं थंडी पडली. मध्ये बरेच दिवस गेले आणि काही झालं नाही, म्हणून मला वाटायला लागलं की काही होणारही नाही. गिझरमध्ये पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारी एक कांडी असते, ती तिचं काम करत होती. पण न्हाणीघराला पाणी बोअरचं, भांड्यावर पांढरी खपली धरणारं. कांडीवरही ती धरली असणार. हळूहळू गिझर गुरगुरायला लागला. नळ उघडला की पाण्याआधी वाफ फुसफुसायची. पोरं खूश. "अक्का, पाणी लई कडक!" अक्काही खूश. "माझ्या गिझरचं पाणी हाय ते."

मी माडीवर झोपून ती गुरगुर ऐकायचो आणि कूस बदलायचो.

अक्कांची रीत अशी की पहाटे त्या बटण लावायच्या, देवपूजा करायच्या आणि पूजा संपली की बटण बंद. त्या दिवशी बटण लावून त्या पूजेला बसल्या आणि गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलंऽऽ!"

बऱ्याच दिवसांनी आलं होतं. अक्का हातातलं लिंग डबीत ठेवून, भस्म अर्धंच लावलेल्या अशा उठल्या. "पोरांनो! उठा! सर, खाली या!" रस्त्यावरच्या तोटीपासून घरापर्यंत आमची साखळी लागली. घागरी, कळश्या, पिंप, परात. शेवटी भांडी संपली तेव्हा माझ्या हातात अक्कांनी कुकर दिला, बिनझाकणाचा. गिझरचं बटण कुणाच्या डोक्यात असणार?

मी कुकर भरून घेऊन दाराशी आलो आणि मला ती गुरगुर ऐकू आली नाही. म्हणजे वेगळंच ऐकू आलं. पत्रा थरथरल्यासारखं, बारीक, चढत जाणारं. एक पोरगं पंचा खांद्यावर टाकून न्हाणीघराकडे निघालं होतं. पाणी भरून झालं, आता अंघोळ. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा वर्गाबाहेर ओरडलो, "आत जाऊ नकोस!" ते दचकून वळलं, "काय सर?" आणि तेवढ्यात झालं.

आवाज मी सांगू शकत नाही. तो ऐकू येत नाही, अंगावर येतो. न्हाणीघराचा पत्रा वहीचं पान फाटावं तसा वर उघडला, वाफेचा पांढरा खांब उठला आणि त्यातून गिझर निघाला. गल्लीतले म्हणतात तेवढा नाही, पण वकीलसाहेबांच्या भिंतीवरून नक्कीच. त्यांनी नुकताच हौद भरून त्यावर झाकण ओढायला घेतलं होतं. गिझर त्या हौदात पडला. धप्प! मग सगळं शांत. मी कुकर हातात धरून उभा, आणि त्यातलं पाणी सांडलं नव्हतं.

पोरगं जमिनीवर बसलं होतं, पंचा अजून खांद्यावर. अक्कांनी त्याला उठवलं, चालवलं, फिरवलं, हातपाय चाचपले. "धड हाय," म्हणाल्या. मग सगळ्यांना ओळीनं मोजलं. मग न्हाणीघराच्या जागी उरलेल्या आकाशाकडे पाहिलं. आणि मग पदर खोचून वकिलांच्या दाराशी गेल्या.

"वकीलसाहेब, आमचा गिझर तुमच्याकडं आलाय."

वकीलसाहेब बनियनवर, डोक्यापासून ओले. "अक्का! माझा हौद अर्धा उडाला! एवढ्या दिवसांनी भरलं होतं पाणी!"

"अन् आमचं गरम पाणी त्यात पडलं, ते?"

"म्हणजे?"

"म्हंजे तुमच्या हौदात आता आमचंबी पाणी हाय. वाटणी करा."

गल्ली हसली. ते हसणं घाबरल्यानंतरचं होतं, सुटल्यासारखं. पण हसून झाल्यावर लोकांना राग आला, आणि राग आला की कुणीतरी लागतं. "कुणी बसवला होता हा?" "मुनीरनं!" मुनीर पलीकडच्याच गल्लीत राहायचा. दोघं जाऊन त्याला घेऊन आले. एकानं कॉलर धरलेली. वकीलसाहेबांना ओल्या बनियनमध्येच कायदा आठवला. "केस करतो. निष्काळजीपणा. पोरगं मेलं असतं. याचा धंदाच बंद करतो."

मुनीर म्हणत होता, "मी सांगून गेलतो ओ, मी सांगून गेलतो." कुणी ऐकत नव्हतं. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. माझ्या हातात कुकर होता. मी तो खाली ठेवला, असं आठवतं. तोंड उघडलं, असंही आठवतं.

"कॉलर सोड," अक्का म्हणाल्या. "सोड म्हणते ना! त्यानं सांगितलं होतं, गळू द्या. मी बुजवलं."

"तुम्ही?" वकीलसाहेब म्हणाले. "अक्का, तुम्हाला पाना तरी धरता येतो का?"

"नवरा मेल्यावर अडत धरली. त्याहून पाना जड असतो व्हय?"

ज्या बाईनं सगळ्या गल्लीला पाण्याच्या चार अकला शिकवल्या, ती भर रस्त्यात, अर्ध्या भस्मानं, म्हणत होती की अक्कल माझी गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. आता नाही सांगत.

त्याच दुपारी त्यांनी बंब पोत्यातून काढला. मी लाकडं फोडायला गेलो, न सांगता. मग त्या म्हणाल्या,

"सर, तुम्हाला ठावं होतं?"

"हो."

"फुटंल म्हणून?"

"फुटू शकतो म्हणून."

"मग बोललाव का न्हाई?"

"तुम्ही ऐकलं नसतं, अक्का."

त्यांनी बंबावरची धूळ फुंकली. "ऐकलं नसतं ते माझं. बोललं न्हाई ते तुमचं."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही, असं मी लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण अक्का तशा नव्हत्या. त्यांनी तो विषय रोज काढला. फक्त मला एकट्याला कळेल अशा रीतीनं. सगळे जेवायला बसले की आत कुकरची शिट्टी व्हायची आणि अक्का वाढता वाढता गंभीरपणे म्हणायच्या, "सर, वाफ लई वाया चाललीय. बघा बरं काही करता येतंय का." पोरं वर बघायचीसुद्धा नाहीत. कधी चहाचा कप बशीनं घट्ट झाकून आणायच्या, "हळू उघडा, सर." मी ताप येऊन घामाघूम झालो होतो, तर माझं कपाळ पुसत म्हणाल्या, "गळू द्या, गळू द्या. थांबवायचं न्हाई."

घराचं नाव मात्र पडायचं ते पडलं. काही आईबापांनी पोरं काढून नेली. नवे यायचे ते दारातच विचारायचे, "ते बॉम्बवालं घर हेच का?"

"हाव, हेच," अक्का सांगायच्या. "आता फुटायचं काही शिल्लक न्हाई. बिनघोर ऱ्हावा."

मुनीरला मात्र त्यांनी सोडलं नाही. गल्लीत कुणी गिझर घेतला की अक्का स्वतः त्याला घेऊन जायच्या आणि तो बसवेपर्यंत दारात खुर्ची टाकून बसायच्या. थेंब पडायला लागला की उठायच्या. घरातल्या बाईला त्या एकच गोष्ट सांगायच्या, महादेवाच्या पात्राची. तापलेल्याला थेंब लागतो, बंद करायचा नाही. आम्हा सगळ्यांना मिळून जे सांगता आलं नसतं ते त्यांनी त्या एका वाक्यात बसवलं होतं. ते वाक्य त्यांचंच होतं, पहिल्यापासून.

मग मला नांदेडला नोकरी लागली, मी लातूर सोडलं. काही वर्षांनी अक्काही नांदेडला मुलीकडे आल्या. कळलं तेव्हा भेटायला गेलो. जायला उशीरच केला होता.

दार मुलीनं उघडलं. "आईला आता ऐकू येत नाही हो," ती म्हणाली, "फार मोठ्यानं बोलावं लागतं." अक्का वाळल्या होत्या. चाव्यांचा जुडगा गेला होता, डबी आणि भस्म तसंच. मला बघून त्यांनी बोटानं खूण केली, चाला. मी खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो.

"खांदा अजून उतरलेलाच हाय," त्या म्हणाल्या.

चहाच्या आधी त्यांनी मला हाताला धरून न्हाणीघरात नेलं. भिंतीवर गिझर. त्याच्या तोटीखाली तांब्याचा तांब्या. थेंब पडत होता. "सोमवारी हेच पाणी महादेवाला," त्या म्हणाल्या. जावई मागून म्हणाले, "देवाला गिझरचं चालतं का, विचारा की तुम्हीच." अक्का म्हणाल्या, "त्याच्या डोक्यावर गंगा हाय. त्याला काय गिझरचं कवतिक?" म्हणजे जावयाचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

मुलगी हसून म्हणाली, "आईनंच तेव्हा लातूरचा गिझर बुजवला होता ना! नातवंडांना सांगते मी, आजीनं बॉम्ब केला होता म्हणून."

मी म्हणालो, "त्यांनी नाही. मी बुजवला होता."

अक्कांनी कानामागं हात धरला. "काय म्हणायलेत?"

"मी म्हटलं, गिझर मी बुजवला होता."

"आं? मोठ्यानं बोला की ओ सर. ऐकू येत न्हाई."

"गिझर मी बुजवला होता!"

"कुणी?"

"मी! मला माहीत होतं आणि मी बोललो नाही! आणि मुनीरची कॉलर धरली तेव्हाही बोललो नाही!"

न्हाणीघर ते, आवाज केवढा घुमला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी उघडल्याचं ऐकू आलं. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. मी आणखी एकदा सगळं पहिल्यापासून ओरडायला छाती भरून घेतली.

"साकु," अक्का म्हणाल्या.

त्यांनी भरत आलेला तांब्या उचलून बाजूला ठेवला आणि जागी रिकामा लोटा सरकवला. मी चहाला बाहेर आलो. दारातून मागं वळून पाहिलं तर त्या लाकडी पाटावर बसल्या होत्या. लोट्यात पहिला थेंब पडला. माझ्यापर्यंत त्याचा आवाज आला नाही, इतका बारीक. अक्कांनी मात्र मान तिरकी केली, ऐकला, आणि दुसऱ्याची वाट बघत बसल्या.